न दिसणाऱ्या पाण्याचे चित्र : कॅनव्हासवरील आकारांचे रूप

वेबपानावरचा कॅनव्हास म्हणजे पिक्सेलांची एक कोरी चौकट. लांबी-रुंदी सांगितली नाही, तर ती 300 बाय 150 पिक्सेलांची होते. ॲपल कंपनीने 2004 मध्ये डॅशबोर्डावरच्या आपल्या छोट्या विजेटांसाठी ती बनवली. पुढे इतर ब्राउझरांनीही ती उचलली आणि एचटीएमएलच्या मानकात तिला कायमची जागा मिळाली. ही चौकट विलक्षण विसरभोळी आहे. तिच्यावर निळे वर्तुळ काढले की काही पिक्सेल निळे होतात आणि तिथेच गोष्ट संपते. ते वर्तुळ होते, त्याची त्रिज्या अमुक होती, त्याला काठ होता, यातले काहीच तिच्या लक्षात राहत नाही. त्याच वर्तुळाला हिरवे करायचे तर जुने पुसून नवे काढावे लागते, आणि पुसताना त्याच्याखाली जे होते तेही पुन्हा रंगवावे लागते.

जावास्क्रिप्टच्या लायब्रऱ्या या विसराळूपणावरचा उपाय आहेत. कॅनव्हासच्या वतीने त्या सगळे लक्षात ठेवतात. फॅब्रिक, पेपर आणि कॉन्व्हा ही त्यांतली प्रसिद्ध नावे. या प्रकरणात मुख्यतः कॉन्व्हाचा विचार केला आहे. एरिक रोवेल यांच्या कायनेटिक या लायब्ररीचे काम थांबले, तेव्हा 2015 च्या सुमारास अँटोन लाव्रेनोव्ह यांनी तिच्यातूनच कॉन्व्हा पुढे नेली. तिची मांडणी नाटकासारखी आहे : सर्वांत बाहेर मंच, मंचावर थर, थरांत गट आणि गटांत आकार. प्रत्येक आकार ही एक वस्तू असते, आणि तिचे रूप म्हणजे तिला चिकटवलेल्या गुणधर्मांची यादी : आतला रंग, काठ, काठाची जाडी, सावली, पारदर्शकपणा. यादीतली एक नोंद बदलली की लायब्ररी तो थर पुन्हा रंगवते. आकारांचे रूप ठरवणे म्हणजे ही यादी विचारपूर्वक भरणे.

ती अविचाराने भरली तर काय होते, हे बहुतेकांनी पाहिलेले असते. प्रत्येक चौकोनाला सावली, प्रत्येक बटणावर दोन रंगांचा उतार, आणि नकाशातल्या नद्या रस्त्यांहून ठसठशीत. रूपाचा प्रत्येक गुणधर्म वाचणाऱ्याला काहीतरी सांगत असतो. काढणाऱ्याच्या मनात काही नसले, तरीही. म्हणून उदाहरण असे घेतलेले बरे, ज्यात सांगण्यासारखे बरेच आहे आणि दाखवण्यासारखे जवळपास काहीच नाही. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा हे तसे उदाहरण आहे.

चित्राचा विषय

तापीकाठचे बऱ्हाणपूर मोगलांच्या काळात दख्खनच्या मोहिमांचे मोठे ठाणे होते. फौजफाटा, बाजार आणि कारागीर यांना पुरेल एवढे खात्रीचे पाणी हवे होते. मोगल सरदार अब्दुर रहीम खानखाना यांच्या काळात, 1615 मध्ये, तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने त्याची व्यवस्था लावली. सातपुड्याच्या डोंगरांतून तापीकडे जमिनीखालून झिरपत जाणारे पाणी त्याने वाटेतच भुयारांत अडवले आणि उताराच्या आधाराने शहरात आणले. या वाटेवर पंप नाही आणि रहाटही नाही. मूळ भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण आणि कुंडी भंडारा ही या व्यवस्थेतल्या जलस्रोतांची नावे. इराणातल्या कनात नावाच्या भुयारी जलवाटांचीच ही पद्धत. मराठी वाचकाला तिचे भावंड ठाऊक असते : मलिक अंबरने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आणलेली नहर.

भुयाराच्या माथ्यावर ठराविक अंतराने उभ्या विहिरी खणल्या आहेत. त्याच कुंड्या. त्या शंभराच्या वर आहेत आणि दोन कुंड्यांमध्ये साधारण 20 मीटर अंतर आहे. लालबागच्या बाजूला जमिनीवर दिसतात ती फक्त कुंड्यांची बांधीव तोंडे, ओळीने उभी. पाणी, भुयार आणि उतार सगळे खाली. एका कुंडीतून लिफ्टने सुमारे 80 फूट खाली उतरले की मगच व्यवस्था नजरेला पडते. ‘कुंडी’चे लोकांच्या तोंडी ‘खुनी’ झाले आणि खुनी भंडारा हे नावही रूढ आहे. 2024 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत त्याची नोंद झाली, तीही याच नावाने.

चित्रे दोन काढायची आहेत. एक वरून दिसणारा आराखडा, दुसरे जमीन कापून दाखवणारे छेदचित्र. शंभर कुंड्या 20 मीटर अंतराने म्हणजे सुमारे 2 किलोमीटर. एका पिक्सेलला 2 मीटर असे माप धरले, तर 1000 पिक्सेल रुंदीत सगळी रांग बसते आणि दोन कुंड्यांमध्ये 10 पिक्सेल उरतात. हा 10 चा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो वारंवार आडवा येणार आहे.

आत भरलेला रंग

मूळ कॅनव्हासवर रंग न सांगता आकार भरला, तर तो काळा होतो. कॉन्व्हात मात्र ‘फिल’ आणि ‘स्ट्रोक’ दोन्ही रिकामे ठेवले, तर आकार अस्तित्वात असतो पण दिसत नाही. नवशिक्याची पहिली अर्धी दुपार बहुधा इथेच जाते. रंग लिहिण्याच्या रीती सीएसएसमधल्याच : नाव, सोळाच्या पायावरचा सहा अंकी संकेत, किंवा लाल-हिरवा-निळ्याचे आकडे. या कामाला सर्वांत सोयीची रीत छटा, गडदपणा आणि उजेड असे तीन भाग वेगळे सांगणारी. पाण्याची छटा 200 अंशांवर कायम ठेवून नुसता उजेड 80 टक्क्यांवरून 30 पर्यंत उतरवला, की उथळ ते खोल अशी निळ्यांची मालिका तयार होते आणि सगळे निळे एकाच घरातले वाटतात.

रंगाच्या बाबतीत एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. कॅनव्हासच्या आत सीएसएसचे राज्य चालत नाही. पानाच्या शैलीपत्रकात ठरवलेले रंगांचे चल ‘फिल’मध्ये तसेच लिहिले, तर कॅनव्हास ते मूल्य मुकाट्याने दुर्लक्षितो, चूक झाल्याचेही सांगत नाही. आधी ब्राउझरकडून त्या चलाची प्रत्यक्ष किंमत काढून घ्यायची आणि मग ती आकाराला द्यायची, असा वळसा घ्यावा लागतो. रात्रीचे गडद रूप देणाऱ्या पानांत हा वळसा प्रत्येक बदलाच्या वेळी पुन्हा घ्यावा लागतो.

छेदचित्रात जमीन एका सपाट रंगात दाखवली तर ती पुठ्ठ्यासारखी दिसते. इथे ग्रेडियंट म्हणजे रंगांचा उतार उपयोगी पडतो. त्याला तीन गोष्टी लागतात : सुरुवातीचा बिंदू, शेवटचा बिंदू आणि थांब्यांची यादी. 0 वर माळाची फिकी पिवळसर माती, 0.3 वर तपकिरी, 1 वर ओलसर गडद. थांबे 0 ते 1 या पट्टीवर असतात, मग आकार कितीही मोठा असो. बिंदू मात्र आकाराच्या स्वतःच्या मापात द्यावे लागतात आणि तिथेच पाय घसरतो. कॉन्व्हात आयताचा आरंभबिंदू त्याचा वरचा डावा कोपरा असतो, वर्तुळाचा आरंभबिंदू त्याचे केंद्र. 40 पिक्सेल उंच आयताला 0 ते 40 हा उतार बरोबर बसतो. तेच आकडे 20 त्रिज्येच्या वर्तुळाला दिले, तर वरचा अर्धा भाग एका रंगात गोठतो आणि अर्धा उतार वर्तुळाच्या बाहेर वाया जातो. वर्तुळाला उणे 20 ते 20 असे सांगावे लागते.

वरून पाहिलेल्या कुंडीसाठी केंद्रातून पसरणारा उतार हवा : मध्ये जवळजवळ काळा, काठाकडे मातकट. विहिरीत डोकावणाऱ्याला दिसते तेच हे रूप, म्हणून वेगळी खूण न लिहिताही खोली कळते. मात्र 4 पिक्सेल त्रिज्येच्या ठिपक्यात तीन रंगांचा उतार भरणे म्हणजे तांदळावर ताजमहाल कोरणे. लहान मापावर सपाट गडद रंग आणि चित्र जवळ आणले की उतार, असे दोन वेश ठेवणे शहाणपणाचे.

तिसरा प्रकार पॅटर्नचा. एक छोटी प्रतिमा फरशीसारखी पुन्हा पुन्हा मांडून आकार भरायचा. बऱ्हाणपूरसारख्या यंत्रमागांच्या शहरात हे समजावून सांगायला कापडापलीकडे जायला नको. छापाचा ठसा एकदाच बनतो आणि थान संपेपर्यंत उठत राहतो. ठशाच्या उजव्या कडेचा धागा डाव्या कडेशी जुळला नाही, तर सांधा सबंध कापडभर दिसतो. पॅटर्नच्या फरशीचेही तसेच. छेदचित्रात खडकाच्या थरासाठी तिरप्या रेघांची 8 बाय 8 ची फरशी पुरते. प्रतिमा आधी पूर्ण उतरलेली असावी लागते. ती पोचण्याआधी आकार रंगवला तर आत काहीच दिसत नाही.

एकाच आकाराला सपाट रंग, उतार आणि पॅटर्न तिन्ही देऊन ठेवता येतात. कोणता वापरायचा हे ‘फिलप्रायॉरिटी’ ठरवते, आणि काही न सांगितल्यास सपाट रंगाचा मान पहिला. उतार दिला तरी दिसत नाही, अशी तक्रार असेल तर बहुधा मागे कुठेतरी एक विसरलेला सपाट रंग बसलेला असतो.

काठ

काठाचा सर्वांत महत्त्वाचा नियम असा : रेघ आकाराच्या सीमेवर मध्यभागी बसते, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. म्हणजे 4 त्रिज्येच्या कुंडीला 1 पिक्सेलचा काठ दिला, तर बाहेरून तिचा व्यास 9 होतो आणि शेजारच्या कुंडीपर्यंत 1 पिक्सेल फट उरते. काठ 3 केला, तर व्यास 11 होतो. कुंड्यांतले अंतर 10. शंभर कुंड्या एकमेकींवर चढून साखळी होते, आणि वेगवेगळ्या विहिरी दाखवणारे चित्र एक जाड दोर दाखवू लागते. काठाची जाडी सांगितली नसेल, तर कॉन्व्हा ती 2 धरते. तेव्हा व्यास नेमका 10 भरतो आणि सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटतात.

याच नियमामुळे बारीक रेघ धूसर दिसते. 100 या ठिकाणी 1 पिक्सेलची उभी रेघ ओढली, तर ती 99.5 ते 100.5 एवढी जागा मागते. पडद्याला अर्धा पिक्सेल रंगवता येत नाही, म्हणून तो शेजारचे दोन पिक्सेल फिके रंगवतो. रेघ 100.5 वर ओढली की ती एका पिक्सेलात नीट बसते. 2 पिक्सेलच्या रेघेला ही अडचण नाही. दाट पिक्सेलांच्या फोनवर तर ही फारशी जाणवतही नाही.

छेदचित्रात वेगळाच प्रश्न येतो. 80 फूट म्हणजे सुमारे 24 मीटर. ठरलेल्या मापात ते 12 पिक्सेल झाले. 1000 पिक्सेल लांब आणि 12 पिक्सेल खोल अशा चित्रात भुयार आहे की रेघ पुसायची राहिली आहे, हेच कळणार नाही. भूगोलाच्या पुस्तकांत करतात तसे उभे माप दहापट ताणावे लागते. गटाचे उभे प्रमाण 10 केले की काम होते, पण काठही ताणले जातात : आडव्या रेघा दहापट जाड, उभ्या रेघा होत्या तशाच. ‘स्ट्रोकस्केलएनेबल्ड’ बंद केले, म्हणजे आकार ताणला तरी रेघेची जाडी जागेवर राहते. चित्र जवळ-लांब करण्याची सोय असेल, तर नकाशावरच्या रेघांसाठीही हीच सवय ठेवावी.

दोन रेघा मिळतात तो सांधा तीन प्रकारचा असतो : टोकदार, गोल आणि छाटलेला. न सांगता मिळतो तो टोकदार. सातपुड्याची शिखररेषा तुटक बिंदूंनी जोडली, तर टोकदार सांध्यांनी ती करवतीसारखी दिसते, गोल सांध्यांनी डोंगरासारखी. टोकदार सांध्याला एक मर्यादाही असते. तिचे नेहमीचे मूल्य 10 आहे, आणि कोन साधारण साडेअकरा अंशांहून लहान झाला की टोक आपोआप छाटले जाते. रेघ हलत असताना एखादे टोक मध्येच भाल्यासारखे लांब होऊन अचानक नाहीसे होते, त्यामागे हेच कारण. गावातली दोन स्मारके सांध्यांच्या सरावाला चांगली. जामा मशिदीच्या टोकदार कमानींना टोकदार सांधाच शोभतो, तो गोल केला तर कमान वितळल्यासारखी वाटते. मोगल शहजादा शाहशुजाची बेगम बिल्किस हिची कबर, लोक जिला खरबूजी गुंबद म्हणतात, तिचा पाकळ्यांसारखा घेर काढताना दोन पाकळ्यांमधली खाच आत वळते. जाड काठ आणि टोकदार सांधा असेल, तर तिथे काटा उगवतो. गोल सांधा किंवा बारीक काठ, दोहोंपैकी एक करावेच लागते.

तुटक रेघ

कुंडी भंडाऱ्याच्या चित्रात सर्वांत जास्त काम तुटक रेघेला आहे. नकाशे काढणाऱ्यांचा जुना संकेत असा की दिसते ते अखंड आणि झाकलेले ते तुटक. आराखड्यात कुंड्यांची तोंडे अखंड काठाची आणि त्यांना जोडणारे भुयार तुटक रेघेचे ठेवले, की चित्राखाली सूचीची गरज जवळजवळ उरत नाही.

‘डॅश’ या गुणधर्माला आकड्यांची यादी द्यायची : 8 आणि 6 म्हणजे 8 पिक्सेल रेघ, 6 पिक्सेल फट. यादीतल्या आकड्यांची संख्या विषम असली तर यादी दुप्पट करून वापरली जाते. एकटा 8 म्हणजे 8 रेघ, 8 फट. टोकांचा प्रकार इथे फसवतो. रेघेची टोके गोल केली, तर प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी रेघेच्या अर्ध्या जाडीएवढा वाढतो. 4 पिक्सेल जाडीच्या रेघेला 6 आणि 4 अशी यादी दिली, तर 4 ची फट दोन्हीकडून 2-2 ने खाल्ली जाते आणि तुटक रेघ अखंड दिसू लागते. दोष यादीत शोधला जातो, असतो मात्र टोकांत.

हाच दोष उलटा वापरता येतो. तुकड्याची लांबी 0 किंवा शून्याच्या अगदी जवळ, फट 10, जाडी 8, टोके गोल : एका रेघेतून 8 व्यासाचे ठिपके 10 पिक्सेल अंतराने उमटतात. शंभर कुंड्या, आणि वस्तू एकच! रंगवायला हे फार स्वस्त पडते. किंमत अशी की त्यातली एकही कुंडी वेगळी राहत नाही. सदतिसाव्या कुंडीवर बोट ठेवून तिची माहिती उघडायची असेल, तर ती कुंडी स्वतंत्र आकारच असली पाहिजे. चित्र नुसते बघायचे आहे की विचारायचे आहे, हे रूप ठरवण्याआधी ठरलेले असावे.

वाहते पाणी दाखवायलाही तुटक रेघच कामी येते. यादी कुठून सुरू व्हावी हे ‘डॅशऑफसेट’ सांगते. ॲनिमेशनच्या प्रत्येक फ्रेमला हा आकडा थोडा थोडा घटवत नेला, की तुकडे रेघ ओढलेल्या दिशेने सरकू लागतात. वाढवत नेला तर उलटे. म्हणून भुयाराची रेघ डोंगराकडून शहराकडे ओढावी. उलट ओढून चिन्ह बदलले तरी पडद्यावर फरक दिसत नाही, पण सहा महिन्यांनी तो कोड वाचणाऱ्याला पाणी डोंगरावर चढताना दिसते. 8 आणि 6 च्या यादीत दर 14 पिक्सेलांनी क्रम पुन्हा सुरू होतो, म्हणून 14 घटल्यावर आकडा 0 वर आणला तरी डोळ्याला झटका जाणवत नाही.

सावली आणि पारदर्शकपणा

सावलीबद्दल थोडक्यात सांगितले तरी पुरते. तिला रंग, धूसरपणा आणि दोन दिशांचे सरकणे असे गुणधर्म असतात, आणि ती महाग असते, कारण धूसर करण्यासाठी ब्राउझरला शेजारच्या पिक्सेलांचा हिशेब करावा लागतो. शंभर कुंड्यांना सावली देण्यापेक्षा निवडलेल्या एकीला द्यावी. तेव्हा ती उठून दिसते. आणखी एक : सगळ्या सावल्या एकाच दिशेला पडल्या पाहिजेत. बऱ्हाणपूरच्या आकाशात सूर्य एकच आहे.

पारदर्शकपणात एक बारीक गोम आहे. आकाराला आतला रंग आणि काठ दोन्ही असताना तो अर्धा पारदर्शक केला, तर काठाचा आतला अर्धा भाग रंगावर चढलेला दिसेल. काठ मध्यभागी बसतो याचाच हा परिणाम. कॉन्व्हा हे टाळण्यासाठी आकार आधी बाजूच्या कॅनव्हासवर पूर्ण रंगवते आणि मग एकदमच फिका करून आणते. चित्र सुंदर येते, वेळ जास्त लागतो. शेकडो आकारांत हा फरक डोळ्याला दिसणार नसेल, तर ‘परफेक्टड्रॉएनेबल्ड’ बंद करता येते. गटाचा पारदर्शकपणा मात्र असा एकदम लागू होत नाही, तो गटातल्या प्रत्येक आकाराच्या पारदर्शकपणाशी गुणला जातो. भुयार, पाणी आणि भिंत यांचा गट 0.5 केला, तर भिंतीतून पाणी आणि पाण्यातून भुयार दिसू लागते. गट एकसंध फिका हवा असेल तर आधी तो ‘कॅश’ करावा, म्हणजे त्याची एक प्रतिमा बनवून ठेवावी. धूसर करणे किंवा उजळवणे असले फिल्टरही अशा कॅश केलेल्या आकारावरच चालतात.

नावे लिहिताना

चित्रावर ‘मूळ भंडारा’ लिहायचे म्हटले की देवनागरीचे प्रश्न सुरू होतात. अक्षरे जोडण्याचे काम ब्राउझर करतो आणि चांगले करतो, जोवर मजकूर सलग असतो. अक्षरांतले अंतर वाढवण्याचा गुणधर्म वापरला, किंवा मजकूर वळणदार रेघेवर चढवला, की लायब्ररीला तुकडे करावे लागतात. त्यात जोडाक्षर फुटण्याचा आणि वेलांटी भलतीकडे जाण्याचा धोका असतो. ‘बऱ्हाणपूर’ मधला ‘ऱ्हा’ ही चाचणीला उत्तम जागा. तो शाबूत राहिला तर बाकीचेही बहुधा राहते.

अक्षरांना काठ दिला की आणखी एक गंमत दिसते. अनेक देवनागरी फाँटांत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. नुसता रंग भरला तर ते कळत नाही, काठ ओढला की प्रत्येक सांध्यावर उभी चीर उमटते. उपाय सोपा आहे. ‘फिलआफ्टरस्ट्रोकएनेबल्ड’ चालू केले की काठ आधी आणि रंग नंतर पडतो, आणि चिरा झाकल्या जातात. गडद जमिनीवर पांढऱ्या काठाची नावे लिहिताना हे हवेच.

फाँट वेळेवर उतरलेला नसेल, तर मजकूर दुसऱ्याच फाँटात मोजला आणि रंगवला जातो आणि विसरभोळा कॅनव्हास तो आपणहून सुधारत नाही. फाँट आल्याची खात्री ब्राउझरकडून करून घेऊनच नावे काढावीत. बऱ्हाणपुरात पाट्या हिंदीत आणि घरात मराठी बोलणारे पुष्कळ, त्यामुळे ‘ल’ आणि ‘श’ कोणत्या वळणाचे हा प्रश्नही उरतोच. टिरो देवनागरी मराठी हा फाँट मराठी वळणासाठीच वेगळा निघाला आहे. छोट्या नावांना मुक्तासारखा मोकळा फाँट अधिक वाचनीय.

बोट ठेवल्यावर

कॉन्व्हाच्या प्रत्येक थरामागे दुसरा एक कॅनव्हास लपलेला असतो. त्यावर प्रत्येक आकार वेगळ्या, पण त्याच्या एकट्याच्या रंगात रंगवलेला असतो. माउस जिथे आहे तिथला पिक्सेल वाचायचा आणि रंगावरून आकार ओळखायचा. दिसणारे रूप आणि हाताला लागणारे रूप अशी दोन वेगळी असू शकतात. भुयाराची 2 पिक्सेलची रेघ बोटाला सापडत नाही; ‘हिटस्ट्रोकविड्थ’ 20 केली की रेघ बारीकच दिसते, पण सापडते. फोनवर 4 त्रिज्येच्या कुंडीलाही अशीच अदृश्य जाडी लागते. इथे पुन्हा तो 10 आडवा येतो : जाडी फार वाढवली, तर शेजारची कुंडी उघडते.

निवडलेल्या कुंडीचे रूप बदलताना नुसता रंग बदलणे पुरेसे नाही. लाल-हिरव्यातला भेद ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी काठाची जाडी किंवा आकारही बदलावा. वेबच्या सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे मजकूर आणि त्यामागचा रंग यांत किमान 4.5 ला 1 आणि अर्थ सांगणाऱ्या आकारांत किमान 3 ला 1 एवढा उजेडाचा फरक असावा. फिक्या मातीवर फिके निळे पाणी दिसायला छान, या मोजणीत मात्र ते नापास होते. कॅनव्हासच्या आतले काहीही पडदावाचकाला ऐकू येत नाही, म्हणून कुंड्यांची यादी साध्या मजकुरात पानावर वेगळी द्यावी लागते.

ही सगळी मूल्ये शंभर ठिकाणी विखुरलेली असली, की बदल करणे जिवावर येते. ‘कुंडी’, ‘निवडलेली कुंडी’, ‘भुयार’, ‘पाणी’, ‘खडक’ अशा नावांनी रूपांचा एक तक्ता एकाच जागी ठेवावा आणि आकार बनवताना तिथून उचलावे. नावे अर्थाची असावीत, रंगाची नकोत. ‘निळा’ या नावाखाली उद्या हिरवा रंग येऊन बसला, तर तक्ताच खोटा होतो.

दाट पडद्यावर आणि कागदावर

फोनच्या पडद्यावर एका सीएसएस पिक्सेलमागे दोन किंवा तीन खरे पिक्सेल असतात. कॅनव्हास तेवढा मोठा केला नाही तर चित्र धुरकट होते. सीएसएसने रुंदी वाढवली तर ते नुसतेच ताणले जाते. कॉन्व्हा हे प्रमाण आपोआप ओळखते, पण त्याची किंमत स्मृतीत मोजावी लागते. 1000 बाय 400 चा थर तिप्पट दाट पडद्यावर 36 लाख पिक्सेलांचा होतो. प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट म्हणजे एका थराला 1 कोटी 44 लाख बाइट. जमीन, भुयार, कुंड्या, नावे आणि सावल्या असा प्रत्येक गोष्टीला वेगळा थर देण्याचा मोह म्हणूनच आवरावा. तीन ते पाच थरांपुढे जाऊ नये, असे कॉन्व्हाची माहितीपुस्तिकाच सांगते. न हलणारे सगळे एका थरात, वाहणारे पाणी दुसऱ्यात आणि निवड व नावे तिसऱ्यात, एवढ्यावर हे चित्र आरामात भागते.

प्रतिमा म्हणून चित्र बाहेर काढताना कॉन्व्हा प्रमाण 1 धरते. शाळेच्या भिंतीवर लावायच्या तक्त्यासाठी ते 4 सांगितले, तर तेच चित्र 4000 पिक्सेल रुंद आणि तितकेच रेखीव निघते, कारण प्रतिमा फुगवली जात नाही, सगळे आकार नव्याने रंगवले जातात. खडकाची फरशी मात्र तयार प्रतिमा असल्याने ती तेवढीच धूसर होते. छपाईसाठी तिची मोठी आवृत्ती आधीच बनवून ठेवावी. फरशीची ही प्रतिमा दुसऱ्या संकेतस्थळावरून परवानगीशिवाय आणलेली असेल, तर ब्राउझर कॅनव्हासला डागाळलेला मानतो. पडद्यावर चित्र नीट दिसते, पण प्रतिमा काढून द्यायला तो नकार देतो. फरशी आपल्याच पानाच्या घरातून आणली, किंवा देणाऱ्या संकेतस्थळाची परवानगी मागूनच ती उतरवली, की अडथळा दूर होतो.